नळ आला की कॉम्प्युटर बंद

लातुरात क्लासेसच्या लेक्चरचे व्हिडिओ एडिट करायचं काम बारमाही असतं, आणि लग्नसराईत त्यावर लग्नांची भर पडते. माझा जुना कॉम्प्युटर फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की अडखळायचा, म्हणून उन्हाळ्याआधी नवा जोडायचं ठरलं. तयार घेण्यापेक्षा पार्ट आणून घरी जोडला तर त्याच पैशात चांगलं मशीन होतं हे खरंच आहे. पण ते चालू झालं नाही तर कोणाला बोलवायचं, हा प्रश्नही मग आपलाच असतो. काही पार्ट ऑनलाइन मागवले, काही सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून आणले. सगळे त्याला सीटीसीच म्हणतात. असल्या खरेदीला आमच्याकडची माणसं पुण्याला जेवढी जातात तेवढीच हैदराबादेकडेही जातात.

प्रोसेसर रायझन ९ ७९००एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, रॅम ३२ जीबी डीडीआर५, आणि ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा. जोडणी भाच्याने केली. तो इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. सगळं बसवून झाल्यावर बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले आणि लगेच सगळं थंड. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

“मामा, कुठंतरी शॉर्ट आहे. मदरबोर्ड बाहेर काढावा लागंल.”

बोर्ड बाहेर काढायचा म्हणजे प्रोसेसरवरचा कूलर, कार्ड, वायरी सगळंच उलगडायचं. कूलरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसायची, पुन्हा लावायची. म्हटलं, थांब जरा, आधी मोबाइलवर वेळ लावून बघू किती सेकंदांनी बंद होतंय ते. दर वेळी चार सेकंद आणि वर किंचित. त्यात फरक पडेना.

हे महत्त्वाचं होतं. शॉर्ट असतं तर एसएमपीएसने इतका दम धरलाच नसता. पंख्याने एक हिसका दिला असता आणि संपलं. बऱ्याच एसएमपीएसची सुरक्षा एकदा अशी पडली की मागचं बटण बंद करून थोडा वेळ थांबल्याशिवाय ते परत दादही देत नाहीत. कूलर नीट बसला नसता तर वेळ कमी-जास्त झाला असता, आणि हल्लीचे प्रोसेसर तापले तर आधी वेग कमी करतात, थेट बंद होत नाहीत. बरोबर चार सेकंदांचं गणित मात्र वेगळ्याच ठिकाणी असतं. कॉम्प्युटर अडकला की आपण पॉवरचं बटण दाबून धरतो आणि चार सेकंदांनी तो जबरदस्तीने बंद होतो, तो हाच नियम. म्हणजे बटणावर कोणाचं तरी बोट अजून आहे, अशी बोर्डाची समजूत होत होती.

तरी क्रम सोडला नाही. भिंतीच्या सॉकेटवर टेबल लॅम्प लावून बघितला. एसएमपीएसच्या मागचं बटण, त्यात घुसणारी वायर, मदरबोर्डची २४ पिनांची जोडणी, प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातली ८ पिनांची जोडणी, सगळं दाबून बघितलं. या ८ पिनांच्या जोडणीत गल्लत होऊ शकते. प्रोसेसरची वायर चार अधिक चार अशी फुटते, ग्राफिक्स कार्डची सहा अधिक दोन. तोंडं सारखी दिसतात, पण आत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या असतात. खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीची वायर सहज बसत नाही, म्हणून बसत नसेल तिथे जोर लावायचा नाही. आमची बरोबरच होती.

भाच्याने तोवर एसएमपीएसची ती प्रसिद्ध पेपरक्लिपची युक्तीही करून पाहिली. २४ पिनांच्या तोंडात १६ नंबरची पिन शेजारच्या १७ नंबरच्या ग्राउंडला जोडली की एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय चालू होतो. पूर्वी १६ नंबरची वायर हिरवी असायची. आता सगळ्याच वायरी काळ्या येतात, म्हणून रंगावर न जाता लॉकची बाजू बघून पिना मोजाव्या लागतात. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा फिरला नाही म्हणून तो हबकला, पण लोड नसताना पंखा न फिरणारे एसएमपीएस हल्ली बरेच आहेत. केबिनेटचा एक पंखा जोडला तर तो फिरला. मल्टिमीटरवर १२.१, ५.०४, ३.३२ व्होल्ट आले. ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. तिन्ही लाइनी ठीक होत्या. या चाचणीने एसएमपीएस अगदीच मेलेला नाही एवढंच कळतं. भार पडल्यावर तो काय करील ते कळत नाही, आणि पुढे आमचं घोडं तिथेच अडलं.

मग केबिनेटच्या पुढच्या बटणांच्या त्या बारीक वायरी मदरबोर्डावरून काढल्या आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं. बटणाच्या वायरीला मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावला. बटण दाबलं की बीप, बोट काढलं तरी बीप. वरचं प्लास्टिकचं बटण चौकटीला घासून आतच अडकत होतं. नव्याकोऱ्या केबिनेटमध्ये असं असावं याचा राग आला, पण तेवढ्यासाठी ते परत पाठवायला मोठं खोकं बांधायचं कोणी? रिसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. रिसेटची गरज तशीही पडत नाही. आता आमच्याकडे रिसेटचं बटण दाबून कॉम्प्युटर चालू होतो. पाहुण्यांना सांगावं लागतं, एवढंच.

पडदा मात्र काळाच. बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा जळत राहिलेला. भाचा रॅम काढायला निघाला, त्याला बसवून ठेवलं. डीडीआर५ रॅम आणि हा प्रोसेसर पहिल्यांदा भेटतात तेव्हा बोर्ड रॅमची जुळणी करून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. त्या वेळात घाईने बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. चहा झाला, पडदा उजळला.

इथपर्यंतची दुरुस्ती केबिनेटच्या आतली होती. पुढची सगळी भिंतीतली निघाली.

केबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येत, अनवाणी असलो की जास्तच. टेस्टर लावला तर लुकलुके. याचं कारण एसएमपीएस खराब असणं नव्हे. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला कचरा अर्थिंगवाटे जमिनीत जावा म्हणून ती सोय असते. अर्थिंगच नसेल तर बॉडी या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लोंबकळते, म्हणजे २३० च्या साधारण निम्म्यावर. प्रवाह अगदी कमी असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. एक्स्टेंशनच्या अर्थ आणि न्यूट्रलमध्ये मल्टिमीटर धरला तर ११० व्होल्ट दाखवले. तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं आपण धरून चालतो. आमच्या वरच्या मजल्यावर हिरवी वायर खालून कधी आणलेलीच नव्हती.

वायरमनला बोलावलं. त्याने भिंतीतला स्विचबोर्ड उघडला, बघितलं आणि म्हणाला, “सर, ह्यात अर्थची पिन नुसती शोभेला आहे.” खालून हिरवी वायर ओढली. मग त्याने होल्डरला बल्ब लावून फेज आणि अर्थमध्ये धरला. हे काम जाणत्या माणसाचंच, आणि घरात आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडते. बल्ब लागला, पण मिणमिणता. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्याने कोरडा ठाक पडला होता. आमची काळी माती ओली असते तोवर वीज छान जिरवते. उन्हात ती आकसते, तिला भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची पकड सुटते. खड्ड्यात कोळसा-मीठ नव्याने भरलं, पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी बल्ब भरदार लागला, न्यूट्रल-अर्थमधला आकडा दीड-दोन व्होल्टवर आला, झिणझिण्या गेल्या. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवून घेतली. एक फायदा अनपेक्षित झाला. लेक्चरच्या रेकॉर्डिंगमध्ये माइकवर सतत येणारी गुणगुण नाहीशी झाली. तिच्यापायी मी सॉफ्टवेअरमध्ये किती वेळ घालवला होता ते सांगत बसत नाही.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. दिवसभर मशीन व्यवस्थित. संध्याकाळी एखादं मोठं एक्सपोर्ट, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनवायचं काम, लावलं, त्यात नॉइज रिडक्शन असलं, की मध्येच पडदा काळा आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून चालू. रोज होत नव्हतं. होईल त्या संध्याकाळी मात्र पुन्हा पुन्हा होई. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल ओळ पडलेली. ही ओळ पाहून लोक एसएमपीएस बदलायला धावतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद न होता गेला. का गेला हे विंडोजला तरी कुठून कळणार, वीज गेली त्या क्षणी तेही बंदच पडलं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला रॅम बदला, नाहीतर विंडोज परत टाका. वायरमन म्हणाला लाईट चांगली आहे, तुमचं मशीनच नाजूक आहे. कॉम्प्युटरवाला केबिनेटच्या आतच बघतो, वायरमन स्विचबोर्डापर्यंतच येतो, आणि मधल्या दीड मीटर वायरीचा वाली कोणीच नाही. रॅमची चाचणी रात्रभर चालवली, एकही चूक नाही. तापमान नोंदवत ठेवलं, बंद पडण्याआधीच्या आकड्यांत काही वावगं नाही. तेच एक्सपोर्ट दुपारी लावलं, बिनबोभाट पूर्ण.

मग संशय यूपीएसवर गेला. तो जुन्या कॉम्प्युटरचा, ६०० व्हीएचा. ६०० हा आकडा मोठा दिसतो, पण मागे बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेलं असतं आणि खरा आकडा तोच. नव्या मशीनमध्ये प्रोसेसर पूर्ण भारावर २३० वॅटपर्यंत ओढू शकतो, कार्ड २०० वॅट. बाकीचं सामान आणि मॉनिटर धरून भिंतीतून ५०० वॅट जाणार. यूपीएस काढला, मशीन थेट भिंतीला लावलं. संध्याकाळी पुन्हा बंद. फरक एकच. यूपीएस असताना तो मोठ्याने ओरडायचा, सगळं मरायचं आणि मेलेलंच राहायचं. थेट भिंतीवर असताना कॉम्प्युटर आपला आपण परत चालू व्हायचा. हा फरक तेव्हा डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ लागायला आई लागली.

एका संध्याकाळी मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो. ती जिन्यावरून म्हणाली, “नळ आला की तुझं ते यंत्र बंद पडतंय. मागल्या वेळी पण मी मोटार लावायला चालले होते तेव्हाच तू ओरडलास.”

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव. नळाची वेळ इथे कोणी चुकवत नाही. नळाला थेट मोटार लावू नये हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनी लावलेल्या आहेत. पाणी आलं की दहा मिनिटांत गल्लीभर मोटारी सुरू. साधी मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सात पट करंट क्षणभर ओढते. त्यातून उन्हाळा, घरोघरी कूलर.

पुढच्या नळाच्या दिवशी मल्टिमीटर सॉकेटमध्ये लावून, कमीत कमी आकडा धरून ठेवायच्या मोडवर ठेवला. दुपारी २२६ होते. नळ आल्यावर १७८, १७४, आणि एखादी मोटार चालू झाली की १६५. ट्यूबलाईटवरून पूर्वी असा अंदाज यायचा, ती फडफडायची. आता बरेच एलईडी बल्ब १५० व्होल्टवरही तसाच उजेड देतात, म्हणून घरात कोणाला व्होल्टेज पडल्याचा पत्ताच लागत नाही.

पण एसएमपीएस तर १०० व्होल्टपासून चालतो ना? भाच्याचा फोनवर हाच प्रश्न. माझाही तोच समज होता. केबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल टॉर्चने वाचलं. इनपुट: २००-२४० व्होल्ट. आपल्याकडे विकले जाणारे स्वस्त आणि मध्यम दराचे बरेच एसएमपीएस असे असतात. जाहिरातीत वॅट मोठ्या अक्षरांत, कार्यक्षमतेचा बिल्ला ठळक, आणि हा आकडा मात्र लेबलच्या पहिल्या ओळीत गुपचूप. २३० व्होल्टच्या देशासाठी २०० पासूनची सोय पुरेशी आहे असं बनवणाऱ्याला वाटलं असेल, तर कागदावर ते बरोबरही आहे. त्याने आमची गल्ली पाहिलेली नाही.

आतला प्रकार असा. ५०० वॅट लागणार ते लागणारच. व्होल्टेज २३० असेल तर त्यासाठी सव्वादोन अँपिअर पुरतात, १७० ला जवळपास तीन लागतात. तेवढा करंट ओढायची एसएमपीएसची मर्यादा संपली की त्याच्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरमधला साठा उतरू लागतो. हा साठा पूर्ण भरलेला असताना वीज गेली तरी मशीन साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे चांगल्या दिवशीही उसंत एका फेरीहून कमीच. साठा आधीच खाली गेलेला असताना शेजाऱ्याच्या मोटारीने आणखी एक हिसका दिला की ती उसंतही राहत नाही. एसएमपीएस मदरबोर्डाला दिलेला ‘वीज ठीक आहे’ हा इशारा मागे घेतो, बोर्ड रिसेट होतो, तोवर व्होल्टेज सावरतं आणि मशीन परत उठतं. दुपारी हे होत नाही. नुसतं टायपिंग करताना संध्याकाळीही होत नाही, कारण भार शंभर वॅटच्या आसपास असतो. यूपीएसच्या वेळचं कोडंही सुटलं. व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर जायचा, ३६० वॅटच्या जिवावर ५०० चा भार यायचा आणि तो हात वर करायचा. दोन्हीकडे कारण एकच होतं, मरायची तऱ्हा वेगळी.

एसएमपीएस उघडून बघू का, असं भाच्याने विचारलं. नाही म्हणून सांगितलं. त्या कपॅसिटरवर चारशेच्या जवळपास व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतात.

१०० ते २४० व्होल्टचा, ७५० वॅटचा एसएमपीएस मागवला. या वेळी दुकानदाराकडून आधी लेबलचा फोटो मागितला. तो म्हणाला, असं कोणी विचारत नाही. यूपीएस १५०० व्हीए, ९०० वॅटचा आणि शुद्ध साइन वेव्हचा घेतला. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो, आणि पीएफसी (भिंतीतून ओढलेला करंट विजेच्या लाटेशी जुळवून घेणारी सोय) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही, ऐन बदलाच्या क्षणी ते बंद पडतात. खर्च टोचला. नुसता स्टॅबिलायझर लावून भागवा असा सल्लाही मिळाला होता. पण त्याचे रिले टकटक करत पायऱ्या बदलतात आणि प्रत्येक बदलाला काही मिलिसेकंद जातात. फ्रिजला ते चालतं, एक्सपोर्टला चालवून बघायची माझी हिंमत नव्हती.

डीपीवरची गोष्ट वायरमननेच काढली. आमच्या बाजूची सगळी घरं एकाच फेजवर होती, समोरच्या रांगेला तुलनेने कमी भार. रीतसर अर्ज दिला. लाईनमन आला तेव्हा खांबावरच्या जुन्या जोडात न्यूट्रल काळा पडलेला दिसला. तो कापून नवा जोड दिला आणि आमची सर्व्हिस वायर दुसऱ्या फेजवर घेतली. त्यानंतर नळाच्या संध्याकाळी मीटर १९० च्या खाली क्वचित जातो. न्यूट्रलचा तो जोड वेळेत दिसला हे बरंच झालं. न्यूट्रल पूर्ण सुटला असता तर व्होल्टेज पडण्याऐवजी चढूही शकलं असतं, आणि मग कॉम्प्युटरबरोबर घरातलं काय काय गेलं असतं कोण जाणे.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक शेवटचा बदल केला. वीज परत आल्यावर काय करायचं या सेटिंगला ‘बंदच राहा’ सांगितलं. आमच्याकडे लाईट आली म्हणजे आली असं नसतं. ती येते, जाते, दोन मिनिटं चाचपते आणि मग टिकते. त्या वेळात मशीनने दर वेळी उठून बसण्यात अर्थ नाही.

काढलेला एसएमपीएस भाचा पुण्याला होस्टेलवर घेऊन गेला. तिथे सॉकेटवर दिवसरात्र २३० च्या आसपास व्होल्टेज असतं. त्याने तो मित्राच्या गेमिंगच्या मशीनला लावला, कार्ड माझ्यापेक्षा जास्त वीज खाणारं, आणि अजून तो एकदाही बंद पडलेला नाही.